कोंबड्याची फलनक्षमता आणि कळपातील स्थान : कोलकात्यापासून सुरू होणारा इतिहास

उबवणीस ठेवलेली अंडी काही दिवसांनी दिव्यासमोर धरून तपासली जातात. ज्यांत गर्भाची खूण दिसत नाही, ती बाजूला काढली जातात. अशा अंड्यांची संख्या वाढली की पहिला संशय नरावर येतो, आणि पुष्कळदा तो नर कळपातून कायमचा काढून टाकला जातो. परंतु फलनक्षमता हा खरोखर त्या एका पक्ष्याचाच गुण असतो काय? या प्रश्नाच्या उत्तराला दीड शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्याचे एक टोक कोलकात्यात आहे.

1841 साली एडवर्ड ब्लाइथ हा इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक म्हणून कोलकात्यास आला आणि 1862 पर्यंत तेथे राहिला. 1855-56 च्या सुमारास त्याने चार्ल्स डार्विनला पाळीव प्राण्यांविषयी प्रदीर्घ पत्रे लिहिली. सर्व पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून उत्पन्न झाल्या असाव्यात, हे त्याचे मत डार्विनने 1859 च्या ग्रंथात आदराने नोंदवले. पुढे जनुकशास्त्राने त्यात एक दुरुस्ती केली. पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचे जनुक सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आले आहे, असे 2008 साली दिसून आले. मूळ वंश मात्र तांबड्या रानकोंबड्याचाच ठरला.

1868 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाळीव प्राणी-वनस्पतींवरील ग्रंथात डार्विनने आणखी एक प्रश्न हाती घेतला: बंदिवासात प्राण्यांच्या प्रजननावर काय परिणाम होतो? अनेक रानटी प्राणी पिंजऱ्यात निरोगी राहूनही वंश वाढवीत नाहीत, हे त्याने अनेक उदाहरणांनी मांडले. निवारा आणि प्रजनन यांचा संबंध अशा रीतीने शास्त्राच्या कक्षेत आला. परंतु पिंजऱ्यातील सोबत्यांचा परिणाम तपासण्यास आणखी काळ जावा लागला.

नॉर्वेचा थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे याने 1922 साली दाखवून दिले की, कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणास चोच मारावी याचा क्रम ठरलेला असतो. अमेरिकेत गूल, कोलियास आणि ॲली यांनी 1945 मध्ये हा क्रम समागमाशी जोडला. वरच्या स्थानावरील नर खालच्या नरांचा समागम रोखतात, असे त्यांना आढळले. 1946 मध्ये गूल आणि वॉरन यांनी पिलांची मोजदाद करून वरिष्ठ नरांची संतती अधिक असते, हे सिद्ध केले. म्हणजे शरीराने सक्षम असलेला नरही संगतीमुळे निःसंतान राहू शकतो.

पुढचे संशोधन याहून खोल गेले. 2000 साली पिझारी आणि बर्कहेड यांना दिसले की, खालच्या स्थानावरील नराने बळजबरीने समागम केला तरी मादी त्याचे वीर्य बाहेर टाकू शकते. 2003 च्या अभ्यासात आढळले की, नर प्रत्येक समागमात सारखेच शुक्राणू खर्च करीत नाही. प्रतिस्पर्ध्यांची उपस्थिती, मादी नवी की परिचित आणि तिच्या तुऱ्याचा आकार यांनुसार तो ते प्रमाण बदलतो. 2007 मध्ये तर सामाजिक स्पर्धेबरोबर शुक्राणूंची गुणवत्ताही अल्पावधीत बदलते, असे दिसून आले. त्यामुळे एकदाच वीर्यतपासणी करून नराविषयी कायमचा निर्णय देणे धोक्याचे ठरते.

या गुंत्यातून एक वाट 1937 सालीच निघाली होती. अमेरिकेतील बरोज आणि क्विन यांनी पाठ व पोट चोळून कोंबड्याचे वीर्य मिळवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नरांना स्वतंत्र पिंजऱ्यात ठेवून कृत्रिम रेतन करणे त्यामुळे शक्य झाले. झुंजी थांबल्या, कोणता नर कोणत्या पिलांचा पिता हे निश्चित कळू लागले. मात्र कळपाचा प्रश्न त्यातून सुटला नाही, केवळ टाळला गेला, आणि पिंजऱ्यातील एकाकी जिण्याची किंमत पक्ष्याने मोजली.

बेलगाछिया येथे 1893 साली बंगाल पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. आज त्याच परिसरात पश्चिम बंगालचे पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आहे. बंगालमधील असो वा महाराष्ट्रातील, परसात कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाकडे कृत्रिम रेतनाची सोय क्वचितच असते. त्यांच्यासाठी कळपाची रचना हेच साधन आहे. साधारणतः आठ ते दहा माद्यांमागे एक नर ठेवतात. नर फार झाले तर झुंजी वाढतात, माद्यांच्या पाठी सोलवटतात आणि समागम अर्ध्यावर तुटतात. फार कमी झाले तर काही माद्या वगळल्या जातात. पुरेशी जागा आणि दबलेल्या पक्ष्याला आडोसा मिळाला, तर संघर्षाची धार कमी होते.

म्हणून नापीक ठरवलेला नर कापण्याआधी त्याला काही दिवस वेगळ्या माद्यांसह, प्रतिस्पर्ध्यावाचून ठेवून पाहणे शास्त्राला धरून आहे. त्या माद्यांना आधीच्या नरांपासून दोन-तीन आठवडे दूर ठेवलेले असावे, कारण मादीच्या शरीरात शुक्राणू तितके दिवस टिकून राहतात. एवढी काळजी घेतल्यावर अंडी फळली, तर दोष नराचा नसून खुराड्यातील व्यवस्थेचा होता, हे उघड होते.