उतरणीचा शब्द

आवणीच्या दिवसांत संध्याकाळी घरी आलो की आजी पडवीतूनच ओरडायची, "काय हा अवतार करून घेतलायस! आधी पाय धू." मांडीपर्यंत चिखल, डोक्यावर इरलं, आणि त्यातूनही भिजलेले केस. आमच्या शहापूर-मुरबाडकडे हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तो असा, विस्कटलेल्या रूपाबद्दल. विष्णू, नरसिंह वगैरे मंडळी नंतर भेटतात.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका पावसाळ्यात मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर 'अल्टिमा ४' हा खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलो. तलवारी, जादू, भुयारं आणि राक्षस असलेला, १९८५ साली अमेरिकेत निघालेला हा काल्पनिक दुनियेचा भूमिका-खेळ. त्यात खेळणाऱ्यापुढे एकच उद्दिष्ट असतं: अवतार होणं. मराठी, संस्कृत असा कुठला पर्यायी शब्द नव्हे, तो खेळ इंग्रजीतच 'अवतार' म्हणतो. आज साऱ्या जगात संगणकाच्या पडद्यावरच्या आपल्या रूपाला अवतार म्हणतात, त्या वापराच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत हा खेळ येतो. आजीच्या पडवीतला शब्द तिथे कसा पोचला, हे शोधायला मी बसलो आणि त्याचा माग आमच्याच डोंगराशी येऊन मिळाला.

शब्दाचं कूळ साधं आहे. 'अव' म्हणजे खाली, आणि 'तॄ' म्हणजे तरणं, पाणी ओलांडून जाणं. तरणे, तारणे, तारू, तीर्थ ही सगळी त्याच घरातली भावंडं. तीर्थ म्हणजे मुळात नदीत उतरायची जागा, आणि जुन्या संस्कृत कोशांत 'अवतार' शब्दालाही हा अर्थ दिलेला आहे. पाणिनीच्या व्याकरणात हा शब्द सिद्ध करण्यासाठी सूत्र आहे, म्हणजे शब्द जुना. पण देवाने रूप घेऊन पृथ्वीवर येणं हा अर्थ त्याला नंतर चिकटला. गीतेत कृष्ण पुन्हा पुन्हा जन्म घेण्याबद्दल बोलतो, तरी 'अवतार' हा शब्द तिथे येत नाही. मुरबाडच्या डोक्यावर, नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्याच्या सुरुवातीला संकर्षण आणि वासुदेव यांना नमन आहे. ज्या देवाभोवती पुढे अवताराची सगळी कल्पना उभी राहिली, त्याचं नाव इतक्या लवकर, आमच्या घाटात कोरलेलं आहे. मी ती अक्षरं पाहिली तेव्हा लेण्याच्या तोंडातून खाली वैशाखऱ्याकडची गर्द झाडी दिसत होती, आणि कुणीतरी जुन्नरकडून येऊन पायऱ्या उतरत होतं.

उतरत होतं. या क्रियापदापाशी मी बराच काळ थांबलो, कारण त्याची गंमत अवतारापेक्षा कमी नाही. 'उतरणे' हाही 'तॄ' धातूचाच मुलगा, पण त्याच्यामागे 'अव' नाही, 'उत्' आहे. उत् म्हणजे वर! पाण्यातून वर येणं, पैलतीराला लागणं, हा त्याचा मूळ अर्थ. नावेतून पैलतीरी गेलेला माणूस नावेतून पायउतार होतो. हळूहळू पायउतार होणं हाच अर्थ राहिला आणि वर जाण्याचा शब्द खाली येण्याचा झाला. पावसाळा सरला की काळू नदीला कुठे उतार पडतो, हे गावातली माणसं बरोबर सांगतात. तिथे तो जुना अर्थ अजून जिवंत आहे: उतार म्हणजे पार जायची जागा. शब्द असे दिशा बदलतात, हे एकदा ध्यानात आलं की पुढे अमेरिकेत जे घडलं त्याचं नवल वाटत नाही.

इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस गेला. कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी १७८४ साली विल्यम जोन्स यांनी स्थापली, आणि त्याच सुमारास त्यांच्या लेखनातून 'अवतार' इंग्रजी वाचकांपर्यंत पोचला. पुढची दोनशे वर्षं तो तिथे हिंदू देवांपुरता, किंवा एखाद्या कल्पनेचं मूर्तिमंत रूप या अर्थाने राहिला.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने योद्धा, जादूगार अशी भूमिका घ्यायची आणि फाशांच्या साह्याने गोष्ट पुढे न्यायची, असा तो खेळ. विद्यापीठांतल्या मुलांनी तो लगेच संगणकावर नेला. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणक-जाळ्यावर तर सत्तरच्या दशकाच्या शेवटी 'अवतार' याच नावाचा एक भुयारी खेळ होता. पण तिथे ते फक्त खेळाचं नाव होतं. खेळणाऱ्यालाच अवतार म्हणायचं, ही गोष्ट 'अल्टिमा' लिहिणाऱ्या रिचर्ड गॅरियटची.

गॅरियटचे वडील ओवेन गॅरियट हे अंतराळवीर. १९७३ साली ते स्कायलॅबवर राहून परत आले. मुलगा शाळकरी वयापासून संगणकावर खेळ लिहीत होता. 'अल्टिमा'चे पहिले तीन भाग १९८१ ते १९८३ या काळात आले आणि त्यांत दरवेळी एक दुष्ट शक्ती असे. तिला मारलं की खेळ संपला. मग खेळणाऱ्यांची पत्रं येऊ लागली. त्यांतून त्याला कळलं की जगाला वाचवायला निघालेले हे वीर वाटेत दुकानं लुटत होते, निरपराध गावकऱ्यांना मारत होते, कारण त्याने काही बिघडत नव्हतं. चौथा भाग लिहिताना त्याने ठरवलं की या वेळी कुणीही खलनायक नाही. माणसाला चांगलं व्हायचंय, एवढंच. आणि चांगुलपणाचा हिशेब लावायचा तर पडद्यावरचा बाहुला दुसरा कुणी असून चालणार नाही. तिथे खेळणाराच असला पाहिजे, तरच केल्या कर्माची जबाबदारी त्याच्यावर येईल. आपल्या जगातून त्या जगात देह घेऊन गेलेला तो स्वतः. यासाठी त्याला शब्द हवा होता, आणि तो त्याला आपल्याकडे सापडला.

खेळाची सुरुवात जत्रेत होते. तुम्ही रानातून चालत येता, जवळ जत्रा भरलेली असते, आणि एका गाडीत बसलेली भविष्य सांगणारी बाई तुमच्यापुढे पत्ते मांडते. पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा पाहिलेल्या माणसाला हे अगदी घरचं वाटतं. बाई सात प्रश्न विचारते. न मोजलेली मोहरांची थैली पोचवायला तुमच्यावर विश्वासाने सोपवली आहे, वाटेत भिकारी भेटतो. थैली जशीच्या तशी पोचवाल, की त्यातलं एक नाणं त्याला द्याल? सत्य की करुणा? दोन्ही बरोबर, पण एकच निवडायचं. आठ सद्गुण आहेत: सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता. सात प्रश्नांच्या चाळणीतून जो गुण उरतो त्यावरून तुमचा व्यवसाय ठरतो. माझ्या वाट्याला नम्रता आली, म्हणजे मी मेंढपाळ झालो. सगळ्यांत दुबळा, जादू न येणारा. त्याची सुरुवात होते ती एका उद्ध्वस्त शहरापाशी, जे गर्वामुळे बुडालं. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणपट्टीत उतरतात, त्या वाटा आमच्याच. खेळातला मेंढपाळ मला परका वाटला नाही.

मग चालायचं. २५६ गुणिले २५६ घरांचा नकाशा, आणि कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. गावोगाव माणसांना विचारायचं, शब्द टंकून. यंत्र प्रत्येक शब्दाची पहिली चारच अक्षरं वाचतं. कोण काय बोललं ते मी शंभर पानी वहीत लिहीत गेलो, आणि वीज गेली की कंदिलाच्या उजेडात ती वही वाचत बसायचो. मूळ खेळाच्या खोक्यात कापडावर छापलेला नकाशा, दोन पुस्तकं आणि धातूचं एक चिन्ह मिळे. आज खेळ कायदेशीररीत्या फुकट मिळतो, पण कापडी नकाशाच्या जागी वहीच.

या खेळाची खरी ताकद एका दुकानात कळते. औषधी मुळं, पाला विकणारी बाई आंधळी आहे. ती भाव सांगते आणि किती देतोस म्हणून विचारते. तुम्ही एकच नाणं टाकलंत तरी तिला दिसत नाही, माल मिळतो, व्यवहार पुरा होतो. खेळ काहीही बोलत नाही. आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. इथे ते आणता येतं, त्या क्षणापुरतं. पण आत कुठेतरी सत्याच्या खात्यातून वजा झालेलं असतं. पुष्कळ पुढे, सत्याच्या मंदिरात मंत्र जपायला बसल्यावर पूर्णत्व मिळत नाही तेव्हा आठवतं: ती बाई. तसंच भिकाऱ्याला दिलेलं नाणं करुणेत जमा होतं, लढाईतून पळालं की शौर्य घटतं, रक्तदान केलं की त्याग वाढतो. एखाद्या गुणात पूर्णत्व मिळवलंत आणि नंतर चुकलात, तर अवतारपणाचा आठवा हिस्सा गमावल्याचा निरोप पडद्यावर येतो. मी तो एकदा पाहिला आणि लॅपटॉप मिटून बराच वेळ ओटीवर बसलो. आकड्यांच्या खेळात एवढं लागतं, याचं कारण तो शब्द आहे असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

इथे शब्दाने दिशा बदलली. आपल्याकडे अवतार म्हणजे वरून खाली येणं: देव माणूस होतो, मासा होतो, वराह होतो. गॅरियटच्या खेळात माणूस पायरी पायरीने वर जातो आणि अवतार होतो. ही त्याची चूक आहे असं म्हणणारे असतील. मला तसं वाटत नाही. 'नराचा नारायण' हे बोल मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या वापरतो, चढणीची वाट आपल्याकडेही मळलेलीच आहे. आणि नाणेघाट जुन्नरकराला उतरण आहे, मुरबाडकराला चढण. पायऱ्या त्याच.

शब्दाचा यापुढचा प्रवास झरझर सांगता येतो. १९८६ साली लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या खेळात टेलिफोनच्या तारेवरून अनेक माणसं एका जगात एकत्र येत, तिथे चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी पडद्यावरच्या आकृतीला अवतारच म्हटलं. १९९२ साली नील स्टीफनसनच्या 'स्नो क्रॅश' कादंबरीने तो शब्द सगळीकडे नेला. मग प्रोफाइलवरचं चिमुकलं चित्र म्हणजे अवतार. २००९ साली त्याच नावाचा जेम्स कॅमेरॉनचा चित्रपट. या प्रवासात जबाबदारी गळून पडली आणि रूप उरलं. एका अर्थी शब्द आजीच्या पडवीतच परत आला: कसा दिसतोयस, एवढाच प्रश्न.

पण जबाबदारीसकट तो अर्थ मी याआधी पाहिला होता, त्याला नाव मात्र दुसरं होतं. शहापूरच्या उत्तरेला मोखाडा लागतो, त्याच्यापुढे जव्हार. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही सगळे एकाच ठाणे जिल्ह्यात. त्या डोंगरपट्ट्यात उन्हाळ्यात बोहाडा होतो. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर अशा जमातींची माणसं मुखवटे बांधून रात्रभर देव-दानवांची सोंगं नाचवतात. गणपती येतो, सारजा येते, नरसिंह येतो, त्राटिका, रावण, भीम येतात. संबळ आणि पिपाणी वाजत असते, पूर्वी उजेड टेंभ्यांचा असे. मुखवटे लाकडाचे असत, पुढे कागदाच्या लगद्याचेही झाले. बोलणं जवळपास नाहीच. देव काय करतो ते पावलांनी सांगायचं.

अनेक गावांत कुठलं सोंग कुणी घ्यायचं हे घराण्याने ठरलेलं असतं. मान बापाकडून मुलाकडे येतो. मुखवट्याची पूजा होते, मग तो तोंडावर चढतो, आणि एरवी शेजारच्या बांधावर भांडणाऱ्या माणसाच्या लोक पाया पडतात. ते त्याला ओळखतात, आणि तरीही पाया पडतात. त्या अर्ध्या तासात त्याने कसं चालावं, कसं वळावं, यावर साऱ्या गावाची नजर असते. पाऊल चुकलं तर ते त्याचं असतं, देवाचं नसतं. टेबलाभोवतीच्या फाशांच्या कितीतरी आधीपासून भूमिका घेण्याचा हा खेळ आमच्या शेजारी चालू आहे, आणि ह्यूस्टनजवळ वाढलेल्या त्या अंतराळवीराच्या मुलाला जे हवं होतं, की सोंगाच्या आत माणूस जबाबदार राहावा, ते इथे उन्हाळ्यातून उन्हाळ्यात सांभाळलं जातं.

खेळाच्या शेवटी अथांग भुयाराच्या तळाशी परमज्ञानाचा ग्रंथ आहे. तिथे राक्षसाला मारायचं नसतं, प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. ती बरोबर आली की तुम्हाला परत पाठवलं जातं, जिथून आलात त्या साध्या पृथ्वीवर. मला तिथे पोचेपर्यंत पहाट झाली होती. गॅरियट स्वतः २००८ साली सोयूझ यानातून अंतराळात जाऊन आला, त्या यानाचं उतरणं मला आठवलं. आणि त्याहून जास्त आठवला बोहाड्याचा शेवट: जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध पहाटेला संपतं, संबळ थांबतो, आणि घामाने भिजलेला माणूस मागच्या गाठी सोडून मुखवटा उतरवतो. सोंग उतरवलं, असंच म्हणतात. मग तो कुणाकडून तरी पाण्याचा तांब्या घेतो आणि चूळ भरतो.