हृदय निकामी होताना: वैद्यकीय इच्छापत्राचा इतिहास

अखेरच्या आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवण्याची रीत जेमतेम अर्ध्या शतकाची आहे. शिकागोचे वकील लुईस कुट्नर यांनी १९६९ मध्ये ‘लिव्हिंग विल’ची कल्पना लेखातून मांडली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा इच्छापत्राला कायद्याची मान्यता दिली. पण आजार असाध्य असल्याचे निदान झाल्यावर १४ दिवसांनी सही केलेली असेल, तरच ते डॉक्टरांवर बंधनकारक होते.

या अटीत मरणाचे एक ठरावीक चित्र गृहीत होते. एके दिवशी डॉक्टर निदान सांगतात आणि तिथून उतरण सुरू होते. हृदय निकामी होण्याचा आजार असा चालत नाही. धाप लागते, पाय सुजतात, रुग्ण दाखल होतो, लघवी वाढवणाऱ्या औषधांनी अंगातले पाणी उतरते आणि तो घरी परततो. काही महिन्यांनी पुन्हा तेच. प्रत्येक वेळी ताकद थोडी कमी होते, मात्र ‘आता शेवट आला’ असे खात्रीने सांगता येईल असा दिवस बहुधा उजाडतच नाही. काहींचा मृत्यू तर बरे वाटत असतानाच अचानक येतो.

रुग्णालयांनी दाखल होणाऱ्यांना इच्छापत्राच्या हक्काची माहिती द्यावी, असा कायदा अमेरिकेने १९९० मध्ये केला. पण कागद असला म्हणजे इच्छा डॉक्टरांपर्यंत पोहोचली असे नव्हे, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सपोर्ट’ या पाहणीने दाखवले. पाच रुग्णालयांतील नऊ हजारांहून अधिक गंभीर रुग्णांच्या या पाहणीत हृदय निकामी झालेलेही होते. त्यांच्यापैकी ९३६ जणांवरचा अभ्यास १९९८ मध्ये आला. हृदय बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याची खटपट नको, असे २३ टक्के रुग्णांनी स्पष्ट सांगितले होते. जवळपास चौथ्या हिश्श्यात डॉक्टरांचा समज रुग्णाच्या इच्छेशी जुळत नव्हता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आधी ‘नको’ म्हणणाऱ्यांपैकी ज्यांना दोन महिन्यांनी पुन्हा विचारता आले, त्यांतल्या ४० टक्के जणांचे मत पालटले होते. हा चंचलपणा नव्हे; धाप ओसरली की जगण्याची ओढ परतणे स्वाभाविकच आहे. म्हणूनच या आजारात एकदा सही घेऊन फाईल बंद करणे धोक्याचे ठरते. रुग्णालयातल्या दर मुक्कामानंतर तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

दुसरा पेच यंत्राने उभा केला. हृदयाची घातक लय ओळखून आतूनच विजेचा झटका देणारे उपकरण १९८० मध्ये बाल्टिमोरमध्ये प्रथम माणसाच्या शरीरात बसवले गेले. त्याने असंख्य जीव वाचवले. परंतु मरणासन्न रुग्णालाही ते झटके देत राहते, कारण आता थांबायचे हे त्याला कळत नाही. हे उपकरण असलेल्या १०० मृतांच्या नातेवाइकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. झटके बंद करण्याविषयी डॉक्टरांनी बोलणे काढले होते ते फक्त २७ जणांच्या बाबतीत, तेही बहुतेकदा अखेरच्या काही दिवसांत. आठ जणांना मृत्यूच्या काही मिनिटे आधी झटके बसले होते. बाहेरून, शस्त्रक्रियेविना, ही सोय बंद करता येते. वेळेवर विचारले असते तर या यातना टळू शकल्या असत्या. २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपातील हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी याबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केले.

भारतात हा प्रश्न न्यायालयातून पुढे आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ पासून निश्चेष्ट अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये, उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट खुली केली. ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर घटनापीठाने आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वाक्षरी लागे, त्यामुळे ते सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरच राहिले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ही अट काढली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घेतले की पुरते. लिहिणारी व्यक्ती ते केव्हाही लेखी बदलू किंवा रद्द करू शकते.