एक रतल धान्य

आमच्या शाहूवाडीकडे माणूस बारीक झाला की ‘रोडावला’ म्हणतात. त्याच्या हातून कामच होईनासे झाले, म्हणजे ‘खंगला’. रोडावणाऱ्याची चरबी जाते, खंगणाऱ्याचे मांस. हा भेद न जाणणाऱ्यांच्या हाती एकदा दुष्काळ सापडला होता.

आमचा मुलूख सह्याद्रीच्या कुशीतला, पावसाचा. पण १८७६ साली सोलापूर, कलादगी, साताऱ्याचा माणदेश येथे पावसाने पाठ फिरवली आणि माणसे दुष्काळी कामांवर लोटली. जानेवारी १८७७ मध्ये लॉर्ड लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना काटकसरीसाठी धाडले. टेंपलसाहेबांनी गड्याची रोजची मजुरी ठरविली: एक रतल धान्याची किंमत आणि वर एक आणा. रतल म्हणजे साडेचारशे ग्रॅम. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची!

उपाशी शरीर आधी यकृतातली साखर वापरते; ती दिवसाभरात सरते. मग चरबी. परंतु मेंदूला साखर लागतेच, आणि चरबीतून ती पुरेशी निघत नाही. म्हणून स्नायूंतील प्रथिने मोडू लागतात. कुणब्याच्या अंगावर मुळात चरबी ती किती! स्नायू हे काही कणगीतले धान्य नव्हे, ते औत आहे. औत फोडून चूल पेटवावी, तसा हा प्रकार.

मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मजुरीवर कडाडून हरकत घेतली. राबणाऱ्या देहाला हा शिधा पुरत नाही, मांस धरणारे अन्न त्यात नाही, हे त्यांचे म्हणणे. इकडे हजारो मजुरांनी कमी मजुरी नाकारून कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या सभेने, त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मे १८७७ मध्ये मद्रासने मजुरी वाढविली. टेंपलसाहेब तोवर मुंबईचे गव्हर्नर झाले होते!

पुढे १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे आन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. ते सारे स्वेच्छेने आले होते, हे सांगितले पाहिजे. त्यांना रोज सुमारे १,५७० उष्मांक मिळत. एक रतल तांदळात साधारण १,६०० असतात. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पोटभर खाऊ लागल्यावर चरबी भराभर परतली, दंडातले बळ मात्र महिनोन्‌महिने मागेच राहिले. आज इंजेक्शने घेऊन वजन उतरविणाऱ्यांनाही डॉक्टर प्रथिने आणि व्यायाम यांची आठवण देतात, ती याचसाठी. काट्याला चरबी आणि मांस यांतला फरक कळत नाही.

१८७७ च्या सप्टेंबरात पाऊस आला. पेरणीला लागणारे बळ खडीच्या ढिगाऱ्यांवर खर्चून माणसे घरी परतली होती, आणि त्यांच्या मागोमाग गावोगाव हिवताप आला.