हरा, हिरवा आणि गुलाबी

हिरवा कुणाचा आणि भगवा कुणाचा, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगते. रंगांच्या नावांचा इतिहास मात्र ही वाटणी जुमानत नाही.

उर्दूतला 'हरा' आणि मराठीतला 'हिरवा' दोन्ही संस्कृत 'हरित'च्या घराण्यातले. फारसीने दिलेला शब्द 'सब्ज'. तो शायरीत राहिला आणि मराठी घरात सब्जाच्या बियांतून फालुद्यात उतरला. उलट लग्नघरातल्या शालू-बस्त्यात ज्याच्यावाचून अडते तो 'गुलाबी' थेट फारसी: गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. आसमानी, बदामी, खाकी, फिरोजी हेही तिकडचेच. 'किरमिजी' ज्या किड्यापासून लाल रंग काढीत त्याच्या अरबी नावावरून आला; इंग्रजीचा 'क्रिमझन' त्याचाच सख्खा भाऊ. शिवकाळात, 1677 च्या सुमारास, रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारी अरबी-फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही मराठीत घोडा 'अबलख'च राहिला.

शब्द इकडून तिकडेही गेले. संस्कृत 'नील' फारसीत गेला, अरबीत 'अन्-नील' झाला, पोर्तुगीजांनी त्याचे 'अनिल' केले. 1841 मध्ये युरोपात निळीपासून काढलेल्या एका द्रव्याला 'अनिलिन' नाव मिळाले. 1856 पासून त्यातूनच कृत्रिम रंग निघू लागले आणि 1897 मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली. हिंदुस्थानातल्या निळीच्या शेतीचा धंदा त्याने बसवला. नाव आपले आणि नुकसानही आपलेच! 'नारंग'ही असाच फारसी, अरबी, स्पॅनिश अशी गावे करीत इंग्रजीत 'ऑरेंज' झाला. शेजारच्या नागपूरकरांना हे सांगायला हवे.

हे सगळे डोळ्यांना दिसेल असा एक तक्ता जगात तयार आहे, म्हणून हा लेखनप्रपंच. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या अमेरिकन अभ्यासकांचे रंगनामांवरचे पुस्तक 1969 मध्ये निघाले. पुढे 1976 पासून त्यांनी इतरांच्या साथीने 110 भाषांच्या बोलणाऱ्यांसमोर 330 रंगीत तुकडे ठेवले आणि प्रत्येकाचे नाव विचारले. त्या उत्तरांचे नकाशे निघाले: एका शब्दाचा मुलूख कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो, ते चौकटींत उघड दिसते. कित्येक भाषांत हिरवा आणि निळा एकाच शब्दाच्या अमलाखाली आहेत. या 110 मध्ये नंदुरबारकडची मावची आणि वसावी आहे, आणि हलबीही आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात, देवरीकडे हलबा समाज मोठा आहे. पण त्यांच्या भाषेने जगाच्या नकाशात जागा पटकावली, हे जिल्ह्यात किती जणांच्या कानावर गेले असेल?

आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांकडे रंगांचे तक्ते असतात. एका चौकोनाखाली एक नाव, संपले. आमची सूचना अशी की त्याच्या शेजारी हा दुसरा तक्ता लागावा आणि चौकोनांखालची नावे मुलांनीच भरावीत. वर्गात उर्दू, बाजारात मराठी, रस्त्यावर हिंदी, पलीकडच्या वस्तीत गोंडी: एवढी भाषिक श्रीमंती असलेल्या जिल्ह्यात वर्गाबाहेर फार हिंडायला नको.

आभाळाचा चौकोन आधी घ्यावा. जुन्या अरबीत आभाळाला 'खजरा' म्हणत, म्हणजे हिरवी. आणि जमिनीला 'गबरा', म्हणजे धुळकट. त्या चौकोनाखाली 'निळा', 'आसमानी' आणि 'खजरा' तिन्ही लिहावेत, आणि खाली चार ओळी कोऱ्या ठेवाव्यात.