हातोडा आयता की घरचा?

मी हरसूलचा. आमच्या शाळेत प्रयोगाचं कपाट कायम कुलूपबंद असायचं, म्हणून आजची गोष्ट माझ्या जवळची.

१९८१च्या 'डाँकी काँग'मध्ये उडी मारली की हातोडा आयता मिळायचा. पुढे 'माइनक्राफ्ट' आला: लाकूड तोडा, हत्यार स्वतः बनवा.

खऱ्या जगात हा खेळ त्याआधीचा. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता रजा काढून होशंगाबादला गेले, खेड्यातल्या शाळांच्या विज्ञान कार्यक्रमात. तिथे त्यांनी काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडल्या. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण ढिम्म हलत नाही. पुलांत त्रिकोण का असतात, ते हातालाच कळतं.

ट्यूब तर कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते. म्हणजे कुलूप उघडायची वाट बघायलाच नको होती! मला हे उशिरा कळलं. घरातल्या छोट्यांना तुम्ही आजच सांगा.