धुराची नोंद

लंडनच्या धुराविषयीची तक्रार फार जुनी आहे. १६६१ मध्ये जॉन एव्हलिन या विद्वानाने कोळशाच्या धुराविरुद्ध पुस्तिका लिहून ती राजाला अर्पण केली. तिचे शब्द प्रभावी होते. पण धूर राहिला तो राहिलाच.

पुढे ५ डिसेंबर १९५२ रोजी लंडनवर दाट धुके उतरले. वारा पडला होता. जमिनीलगतच्या थंड हवेवर उष्ण हवेचे झाकण बसले आणि चुलींचा व कारखान्यांचा धूर खालीच कोंडला. ९ डिसेंबरला तो निवळला. त्यानंतर मृत्यूंच्या नोंदी पाहता सुमारे ४,००० माणसे नेहमीपेक्षा अधिक दगावलेली आढळली. पुढील अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. नंतरच्या महिन्यांतील मृत्यूंचे खापर सरकारने इन्फ्लुएन्झावर फोडले.

परंतु या वेळी शहरात धूर मोजण्याची सोय होती. गाळणकागदातून हवा ओढावयाची आणि कागदावरील डाग किती काळा पडला ते पाहावयाचे, इतकी ती रीत साधी. धुराच्या व मृत्यूंच्या नोंदी शेजारी मांडताच दोन्ही रेषा बरोबरीने चढलेल्या दिसल्या.

१९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. १९६१ मध्ये ब्रिटनभरची मापनकेंद्रे एका सूत्रात आली.

गुदमरणाऱ्या माणसापेक्षा कागदावरील डागाची साक्ष मोठी ठरावी, हे खेदाचे खरे. पण ज्याची नोंद नाही, त्याचा जाब कोणाला विचारावयाचा?