सज्ज ते सजावट : 'गार्निश'चा प्रवास

कौंडण्यपुरात कोणाकडे जेवायला बसलात आणि "भाजीवर सांभार टाकू का?" असं विचारलं, तर इडलीसोबतचं सांबार डोळ्यांपुढे आणू नका. वऱ्हाडात सांभार म्हणजे कोथिंबीर. त्याच घरातली मुलगी मोबाईलवर रेसिपी सांगताना मात्र "आता गार्निश करून घ्या" म्हणते. एक शब्द आपला, एक परका, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण शब्दांच्या इतिहासावर काम करायचं असेल, तर इतक्या लवकर मोकळं होऊन चालत नाही.

'गार्निश' आला जुन्या फ्रेंचमधल्या 'गार्नीर' या क्रियापदावरून, आणि ते आलं जर्मानिक भाषांतून. सावध करणे या अर्थाचा इंग्रजी 'वॉर्न' त्याच कुळातला. गार्नीर म्हणजे सज्ज करणे, पुरवठा करणे, सावध करणे. किल्ला 'गार्निश' करायचा म्हणजे त्यात माणसं, शस्त्रं, धान्य भरायचं. 'गार्मेंट'ही याच क्रियापदाचा. ताटातला पदार्थ वरून सजवणे हा अर्थ ठळक झाला तो 1700 नंतर.

मग सावध करण्याचा अर्थ गेला कुठे? कोर्टात. कर्जदाराचे पैसे बँकेकडे असतील, तर "ते त्याला देऊ नका" असा आदेश बँकेला जातो. असं बजावलेल्या तिऱ्हाइताला 'गार्निशी' म्हणतात. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 मध्ये 1976 च्या दुरुस्तीने यासाठी खास नियम आले. ज्याचं खातं असं अडकलं, त्याला या शब्दातून कोथिंबिरीचा वास येणार नाही! इंग्रजी तुरुंगांत तर नव्या कैद्याकडून उकळल्या जाणाऱ्या पैशालाही गार्निश म्हणत. पैसे नसतील तर अंगावरचे कपडे काढून द्यायचे. जॉन हॉवर्डने 1777 च्या तुरुंगांवरील पुस्तकात ही प्रथा नोंदवली आहे.

आता आपल्याकडे या. 'सजावट' हा शब्दच बघा ना, त्यात 'सज्ज' बसलेला आहे. 'अलंकार' त्याहून जुना. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या दुसऱ्या सूक्तात वायूला बोलावलंय, ते 'अरंकृत' सोमाकडे. इथे अरंकृत म्हणजे नटवलेला नव्हे, तयार करून ठेवलेला. यान गोंडा यांनी 1939 मध्ये अलंकार या शब्दावरच निबंध लिहिला आणि सामर्थ्य देणे, योग्य करणे हा अर्थ पुढे आणला. पुढे इसवी सन 800 च्या आसपास वामन सांगतो, की काव्याला शोभा आणतात ते गुण, ती वाढवतात ते अलंकार. म्हणजे तोवर अलंकार वरचा झाला होता. दहाही गुणांनी युक्त म्हणून वामन जिचं कौतुक करतो ती रीती 'वैदर्भी', आणि विदर्भाची राजधानी कुंडिनपूर म्हणजे हेच कौंडण्यपूर मानतात. (गाववाल्यांनी हे जरूर मिरवावं.)

एक सापळा सांगून ठेवतो. शिबंदी या अर्थाचा 'गॅरिसन' किल्ल्याशी इतका जोडलेला, की तो गार्निशचा सख्खा भाऊ वाटतो. तो आला 'गारीर', म्हणजे राखणे, या वेगळ्या क्रियापदावरून. उच्चार जुळला, अर्थही जवळ आला, तरी नातं सिद्ध होत नाही. मोरेश्वर दीक्षितांनी 1960 च्या दशकात कौंडण्यपूरचं टेकाड खणलं. उत्खननात खापर कुठल्या थरातलं हे माहीत नसेल तर ते नुसतं खापर. शब्दालाही मधले थर दाखवावे लागतात.

आता आपला सांभार घ्या. संस्कृतात संभार म्हणजे जमवलेली सामग्री, यज्ञाचं साहित्य. गुजरातीत संभार म्हणजे भाजीत भरायचा मसाला. वऱ्हाडात ताजी कोथिंबीर. साहित्य, मसाला, कोथिंबीर असा माग लागतो, कारण मधली पायरी शेजारच्या भाषेत अजून जिवंत आहे. संभाजीराजांच्या नावावरून सांबार झालं, या तंजावरच्या लाडक्या गोष्टीत मात्र फक्त नावं जुळतात. मधल्या थराबद्दल ती गोष्ट काहीच बोलत नाही.